आभाळाला ताप आला काय?

अकोल्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला उन्हाबद्दल कुणी काही शिकवायला जाऊ नये. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला तरी आमच्याकडे बातमी कुणी वाचत नाही, फक्त आकडा बघतात. आणि चंद्रपूर अर्ध्या अंशाने पुढे निघालं तर उगाच थोडं वाईट वाटतं. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. उष्णतेचे तीन मार्ग: वहन, अभिसरण, प्रारण. पहिल्या दोहोंसाठी प्रयोग होते, मेण लावलेली सळई आणि परमँगनेटचा खडा टाकलेलं पाणी. तिसऱ्यासाठी ‘सूर्याची उष्णता प्रारणाने पृथ्वीपर्यंत येते’ हे एक वाक्य होतं, आणि परीक्षेत दोन गुण. आलेली उष्णता पुढे जाते कुठे, हे मीही सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. निवृत्तीनंतर रिकामा वेळ आणि रिकामी गच्ची दोन्ही हाताशी होती, म्हणून त्या दोन गुणांच्या मागे लागलो. ‘रेडिएटिव्ह कूलिंग’ (प्रारणाने गार करणं) या तंत्राबद्दल जमेल तेवढं वाचलं, थोडं करून पाहिलं. त्यातून हाती आलं ते असं.

१. आभाळ थंड असतं, आणि हे कळायला अंतराळात जावं लागत नाही. कोरोनाच्या काळात कपाळावर रोखायची ती तापमान मोजायची बंदूक आठवते ना? तिची थोरली बहीण बाजारात मिळते. मोटर मेकॅनिक वापरतात ती. डिसेंबरातल्या एका निरभ्र रात्री मी ती गच्चीच्या स्लॅबवर धरली, मग भिंतीवर धरली, आणि सहज म्हणून वर रोखली. आकडा शून्याच्या बराच खाली गेला. बंदूक बिघडली असं वाटून पुन्हा भिंतीवर धरली, तर भिंत बरोबर. शेजारचे भाऊ त्यांच्या गच्चीवरून हे सगळं बघत होते. म्हणाले, “काय सर, आभायाले ताप आला काय?” उत्तर द्यायला मला पुढे बरेच दिवस लागले. आपल्या आजूबाजूची प्रत्येक वस्तू अदृश्य अवरक्त किरणांतून उष्णता सोडत असते. २७ अंशांवरचा एक चौरस मीटर चांगला उत्सर्जक पृष्ठभाग साधारण ४६० वॉट सोडतो. भिंती, झाडं, हवा तेवढीच परत देतात, म्हणून हिशेब मिटलेला राहतो. पण ८ ते १३ मायक्रोमीटर या तरंगलांबीच्या पट्ट्यात हवा जवळजवळ पारदर्शक असते. तेवढ्या खिडकीतून आपली उष्णता थेट अंतराळात जाते, आणि तिथून परत काही येत नाही. माझी बंदूक नेमकी त्याच खिडकीतून बघणारी निघाली. ढग आले की आकडा झपकन वर चढतो, कारण खिडकीवर पडदा येतो.

२. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी ते पाहिलेलं नव्हतं. महाबळेश्वरला हिवाळ्यात वेण्णा तलावाकाठी होड्यांवर आणि गवतावर दवाचे हिमकण होतात, तेव्हा पेपरात फोटो येतो. त्या दिवशी वेधशाळेतला हवेचा आकडा मात्र शून्याच्या कितीतरी वर असतो. हवा गोठलेली नसते. होडीची फळी आभाळाला उष्णता देत देत हवेपेक्षा थंड झालेली असते. निफाडचे द्राक्षबागायतदार निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जास्त घाबरतात आणि पहाटे बागेत शेकोट्या करून धूर धरतात, तेही याचंच गणित. त्यांना ते माझ्याआधी माहीत होतं. अलाहाबादच्या बाजूला अठराव्या शतकात असंच बर्फ करत. उथळ खड्ड्यात उसाची चिपाडं आणि पेंढा अंथरायचा, वर मातीच्या पसरट ताटल्या, त्यात बोटभर पाणी. पाणी पाझरून उडतं त्याचीही थोडी मदत व्हायची, पण मोठं काम आभाळाचं. हवा गोठणबिंदूच्या वर असतानाही सकाळी पातळ बर्फ गोळा होई. रॉबर्ट बार्कर या लष्करी अधिकाऱ्याने १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला ते लिहून कळवलं. दव का पडतं याचा नीट उलगडा विल्यम वेल्स या डॉक्टरने १८१४ साली केला. मी निवृत्त झालो त्याला तेव्हा दोनशे वर्षं उलटून गेली होती.

३. रात्री हे कुणालाही जमतं; खरी परीक्षा दुपारची. कोरड्या, स्वच्छ रात्री आभाळ चौरस मीटरमागे फार तर १०० वॉटच्या आसपास निव्वळ उष्णता काढून घेतं. भर दुपारी सूर्य १००० वॉटच्या घरात देतो. म्हणजे मिळकत शंभराची आणि दारात पाहुणा हजाराचा. त्या हजारातले शंभरसुद्धा अंगाला लागू दिले तर आभाळाची कमाई तिथेच संपली. म्हणून बहुतेक संशोधकांनी हा विषय रात्रीपुरता ठेवला होता. २०१४ साली स्टॅनफर्डला आश्वथ रामन, शानहुई फॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चांदीच्या थरावर हाफ्नियम ऑक्साइड आणि सिलिकाचे सात अतिपातळ थर चढवले. हा आरसा सूर्याचा ९७ टक्के प्रकाश परतवत होता आणि त्या ८-१३ च्या खिडकीतून स्वतःची उष्णता सोडतही होता. भर उन्हात ठेवलेला हा तुकडा आजूबाजूच्या हवेपेक्षा जवळपास ५ अंश थंड राहिला. विजेशिवाय, पाण्याशिवाय, सूर्य डोक्यावर असताना. मी तो आकडा पुन्हा पुन्हा वाचला. रामन यांनी एका जाहीर भाषणात सांगितलं आहे, की लहानपणी ते उन्हाळ्यात कॅनडाहून मुंबईला आजी-आजोबांकडे यायचे, घामाघूम व्हायचे, आणि आजी-आजोबा काही केल्या एसी घ्यायला तयार व्हायचे नाहीत. हे वाचून आमच्या घरात माझी बाजू जरा भक्कम झाली. एसी न घेण्यामागे विज्ञान असू शकतं, असं मी म्हणून पाहिलं. “विज्ञान नाही, चिक्कूपणा आहे,” असा निकाल स्वयंपाकघरातून आला.

४. चकचकीत दिसतं ते थंड असतंच असं नाही. मला सर्वांत जास्त धक्का बसला तो इथे. सूर्य परतवायचा तर आरशासारखा पत्रा उत्तम, असं कोणीही म्हणेल. मीही वर्गात म्हटलेलं आहे. पण नवा कोरा जस्ती पत्रा दुपारी हात भाजवतो, आणि शेजारी पांढरा रंग दिलेला पत्रा त्या मानाने सहन होतो. कारण उघड्या धातूला उष्णता सोडायचा कंटाळा असतो. तो बराच प्रकाश परत फेकतो हे खरं, पण जेवढा गिळतो तेवढा आभाळाला परत द्यायला तयार नसतो, तापत राहतो. पांढरा रंग, चुना, माती, सिमेंट, आपली कातडी, हे सगळे उष्णता सोडण्यात उदार. म्हणजे दोन गुण एकत्र लागतात, उन्हाला नकार आणि आभाळाला होकार. स्टीलच्या ताटाने माझ्या बंदुकीलाही फसवलं. गच्चीवर तापलेल्या ताटावर ती रोखली तर तिने ताटाचा आकडा दाखवायच्या ऐवजी ताटात पडलेल्या आभाळाच्या प्रतिबिंबाचा दाखवला, आणि मी बोट लावलं. त्या बोटावर पुढे दोन दिवस बर्नॉल होतं.

या मुद्द्यावर मी अजून रेंगाळतो, कारण माझे कितीतरी विद्यार्थी पत्र्याच्या खोल्यांतून यायचे. मार्च संपला की दुपारच्या तासाला ते पेंगायचे आणि मी त्यांना उभं करायचो. रात्री त्यांच्या डोक्यावर काय होतं, हे मला या वयात एका ताटाने सांगितलं.

५. घरच्या प्रयोगाचं फळ लहान असतं. थर्माकोलच्या खोक्यात रंगवलेली पत्र्याची थाळी ठेवली, वरून दुधाच्या पिशवीसारखं पातळ पॉलिथीन ताणून बसवलं. पॉलिथीन अवरक्त किरणांना अडवत नाही, वाऱ्याला अडवतं. काच दिसायला पारदर्शक असली तरी या किरणांपुढे भिंत असते. निरभ्र रात्री थाळी हवेपेक्षा काही अंश खाली गेली. मी हा निकाल जवळपास वाजतगाजत खाली आणला. “मग आता त्यात दही विरजू की नको?” एवढीच विचारणा झाली. रामन यांनीच २०१९ मध्ये रात्रीच्या या थंडाव्यावर एक बारीक एलईडी पेटवून दाखवला. त्या साधनातून चौरस मीटरला २५ मिलिवॉट वीज मिळाली. सौर पॅनेल तेवढ्याच जागेत काही हजारपट देतं. पण तो दिवा सूर्य मावळल्यावर पेटतो, म्हणून मला आवडतो.

६. घरात फरक पडला तो चुन्याने. इतकं वाचून, मोजून, बोट भाजून घेऊन मी अखेर तिथे पोचलो, जिथे आमच्या गल्लीतला चुना मारणारा दर होळीनंतर उभाच असतो. त्याला मी अवरक्त किरणांविषयी सांगू लागलो, तर त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “सर, दोन हात मारा लागते. पयला हात तं स्लॅबच पेऊन टाकते.” चुन्यात फेव्हिकॉल किती घालायचा, हे त्याला हाताच्या अंदाजाने माहीत. सिमेंटचा जुना स्लॅब सूर्याचा पाव ते एक-तृतीयांश प्रकाशच परतवतो. ताजा पांढरा चुना त्याच्या दुपटीहून जास्त. आणि उष्णता सोडण्यात चुना या कामासाठी बनवलेल्या कुठल्याही महागड्या फिल्मच्या जवळपास जातो. भर उन्हात तो हवेपेक्षा थंड होतो, असा दावा मी करणार नाही. पण दुपारी गच्चीवर अनवाणी चार पावलं टाकता आली. रात्री दहानंतर पंखा वरून तापलेली हवा ओतायचा, ते कमी झालं. स्लॅब दिवसभर जे पितो तेच रात्रभर आपल्यावर ओकत असतो, म्हणून त्याला दिवसा कमी पाजणं हाच अर्धा उपाय.

प्रयोगशाळेतल्या रंगांची गोष्ट पुढची आहे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात शिउलिन रुआन यांच्या गटाने २०२१ साली बेरियम सल्फेटचा रंग जाहीर केला, तो ९८.१ टक्के प्रकाश परतवतो. नेहमीच्या बाजारी पांढऱ्या रंगांची मजल ८० ते ९० टक्क्यांपर्यंत, कारण त्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड अतिनील किरण गिळतं. बेरियम सल्फेट म्हणजे पोटाच्या एक्स-रेआधी रोग्याला पाजतात ते पांढरं पाणी. माझ्या वडिलांनी ते तोंड वाकडं करून प्यायलेलं मला आठवतं. पर्ड्यूचा रंग कमाल दाखवतो तो जाड थरात, साधारण ४०० मायक्रॉनच्या. आपण देतो त्यापेक्षा तो बराच जाड.

७. पहिल्या दिवसाचा पांढरा आणि सहाव्या महिन्याचा पांढरा हे वेगळे रंग आहेत. शोधनिबंधातला आकडा पहिल्या दिवसाचा असतो. अकोल्यात डाळमिलची धूळ आहे, रस्त्याची आहे, उन्हाळ्यातल्या वावटळीची आहे. पावसाळ्यात वर शेवाळ. आणि नळाला पाणी रोज येत नाही, तिथे गच्ची धुणार कोण? मी झाडू मारतो. निवृत्त मुख्याध्यापक रोज सकाळी गच्ची झाडताना दिसतो याचा गल्लीला आनंद आहे. घरून तक्रारी दोन, पांढऱ्या गच्चीवर कुरडया खालून लवकर कडक होत नाहीत आणि डोळे दिपतात. पहिल्या तक्रारीशी मी भौतिकशास्त्राच्या अंगाने सहमत आहे.

८. आभाळ सगळीकडे सारखं उदार नसतं. पाण्याची वाफ ती खिडकी धूसर करते. डोंबिवलीला बहिणीकडे गेलो तेव्हा बंदूक बरोबर होती (आता ती चष्म्यासारखी झाली आहे). मे महिन्यात तिथलं आभाळ रोखून पाहिलं, तर आकडा आमच्याइतका उतरेना. कोकणात आणि मुंबईत पांढरं छत उन्हाला परतवेल, ते काम तिथेही होतं; पण हवेपेक्षा खाली जायची अपेक्षा कमी ठेवावी. आमचा वऱ्हाडी कूलरही दमट हवेत असाच रुसतो. फरक एवढा, की कूलरला पाणी लागतं, आणि ऐन मे महिन्यात पाण्याचीच मारामार असते.

शिवाय गच्ची ही वरच्या मजल्याची सोय. बारा मजली इमारतीतल्या चौथ्या मजल्याला आभाळ दिसतच नाही. एसीशी तुलना करायची तर एक टनाचा एसी घरातून साधारण ३५०० वॉट उष्णता बाहेर काढतो. आभाळाकडून तेवढं घ्यायला उत्तम फिल्मचे, उत्तम रात्रीचे ३५ चौरस मीटर लागतील. त्यामुळे हे तंत्र एसीला हाकलून देईल असं कुणी सांगितलं तर मी आता मान हलवत नाही. रामन आणि फॅन यांनी सहकाऱ्यासोबत काढलेली स्कायकूल ही कॅलिफोर्नियातली कंपनी छतावरच्या पॅनेलमधून पाणी गार करून दुकानांच्या शीतयंत्रांना मदत करते; यंत्र तेच, वीज कमी. हे मला पटतं. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०१८ च्या अहवालात म्हटलं होतं, की जगात तेव्हा १६० कोटी एसी होते आणि २०५० पर्यंत ते ५६० कोटी होतील. प्रत्येक एसी घरातली उष्णता शेजाऱ्याच्या खिडकीशी नेऊन टाकतो, वर स्वतःची थोडी घालून. आभाळाला दिलेली उष्णता मात्र गल्लीत उरत नाही.

९. पूर्वजांना सगळं ठाऊक होतं, असं म्हणायचा मोह आवरला पाहिजे. आजोबांचं घर धाब्याचं होतं, वर पांढरी माती. ती माती त्यांनी पावसाचं पाणी झिरपू नये म्हणून घातली होती; अवरक्त किरणांचा त्यांना पत्ता नव्हता. उन्हाळ्यात सगळं घर वर झोपायचं आणि मे महिन्यातही पहाटे चादर ओढावी लागायची. आजोबा त्याचं श्रेय वाऱ्याला देत. वाऱ्याचा वाटा होताच, पण वारा पूर्ण पडलेल्या पहाटे जास्त गार वाटायचं, हे मी त्यांना तेव्हा सांगितलं असतं तर ‘पोरगं फार शहाणं झालं’ असं ऐकावं लागलं असतं. आता धाब्यांचे स्लॅब झाले. गच्चीवर पाण्याच्या टाक्या, डिश आणि सौर पॅनेलं आली, आणि डासांमुळे वर कुणी झोपत नाही. परत तिकडे जाता येणार नाही, आणि पावसाळ्यात धाबं गळायचं तेव्हा आम्ही भांडी घेऊन कसे पळायचो, हेही मी विसरलेलो नाही.

१०. सगळ्यांत जास्त गरज ज्यांना आहे, त्यांच्यापर्यंत हे सगळ्यांत शेवटी पोचतं. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधली छतं पांढरी करायचं काम हाती घेतलं. तेलंगणाने २०२३ साली पाच वर्षांचं कूल रूफ धोरण आणलं, सरकारी इमारतींना ते सक्तीचं केलं. हे मला कुठल्याही सात थरांच्या आरशाइतकंच महत्त्वाचं वाटतं. सात थरांचा आरसा माझ्या विद्यार्थ्यांच्या पत्र्यावर यायला वेळ आहे. पांढरा रंग उद्या येऊ शकतो.

तेव्हा फिल्मची वाट बघत बसू नका. होळी झाली की गच्ची झाडून घ्या, आधी भेगा बुजवा, मग चुन्याचे दोन हात मारा, आणि वर साठवलेलं भंगार काढा, कारण त्याच्या खालच्या स्लॅबला आभाळ दिसत नाही. स्वतःचं झालं की घरी कामाला येणाऱ्या मावशींच्या छताची चौकशी करा. पत्रा असेल तर चुना चालत नाही, तो पहिल्या पावसात पापुद्रे धरतो. छतासाठी मिळणारा पांढरा रंग घ्या. एका खोलीचं काम एका सकाळीत होतं. मात्र ऊन चढायच्या आत खाली उतरा.